बंद पडलेल्या गाड्यांची भिंत : प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

आजपासून तक्त्याचं काम सुरू केलं. बंद पडलेल्या कार ब्रँडचा मोठा कालपट करायचा, भिंतीवर लावायचा, कागदी पट्ट्यांचा. वर्षाला दोन सेंटिमीटर. १८९० ते २०१५ ही १२५ वर्षं, म्हणजे अडीच मीटर लांब पुठ्ठा. तीन तुकडे मागून पट्ट्या लावून जोडले, दर दहा वर्षांवर पेन्सिलने उभी रेघ मारली. जोडावर पुठ्ठा किंचित फुगतो आहे, रात्रभर त्यावर जड पुस्तकं ठेवतो.

नियम आधी ठरवले, नाहीतर पुढे गोंधळ होईल. पट्टी ब्रँडची, कंपनीची नाही. कंपनी बुडते आणि नाव दुसऱ्याकडे चालू राहतं, किंवा कंपनी धडधाकट असते आणि ती स्वतःच आपल्या एका नावाचा गळा आवळते. दोन्ही गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात. पट्टीची सुरुवात त्या नावाच्या पहिल्या मोटारीपासून. स्ट्यूडबेकर १८५२ पासून घोडागाड्या बांधत होते, पण त्यांची पट्टी १९०२ च्या विजेवर चालणाऱ्या मोटारीपासूनच धरायची.

रंग तीन. गाडी स्वतः रचलेली असेल तर हिरवा. चेसिस किंवा इंजिन भावंडांबरोबर वाटून घेतलेलं असेल तर पिवळा. दुसऱ्याच गाडीवर नुसतं नाव चिकटवलेलं असेल तर लाल. पट्टीच्या टोकाला बंद पडण्याचं कारण, एका शब्दात. त्यासाठी यादी केली आहे : मंदी, कर्ज, विलीनीकरण, खराब गाडी, राजकारण.

६ जानेवारी

सगळ्यात लांब पट्टी आधी घेतली. ओल्ड्समोबिल, १८९७ ते २००४. १०७ वर्षं, २१४ सेंटिमीटर. एका कागदात बसत नाही, पाच तुकडे जोडावे लागले.

रँसम ओल्ड्सने लॅन्सिंगमध्ये सुरू केलेला हा कारखाना. १९०१ ची वळलेल्या डॅशची छोटी गाडी ही मोठ्या संख्येने बनलेली पहिली अमेरिकन मोटार मानतात. फोर्डच्या जुळणीच्या चालत्या पट्ट्याच्या बरीच आधी. १९०८ मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल घेतली आणि तिथून पुढे प्रयोग करायचे ते ओल्ड्सच्या अंगावर, असा जणू रिवाजच पडला. १९४० च्या मॉडेलात हायड्रामॅटिक, म्हणजे पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स. १९४९ मध्ये रॉकेट व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. १९६६ मध्ये पुढच्या चाकांना ताकद देणारी टोरोनाडो, ही रचना अमेरिकेत १९३७ च्या कॉर्डनंतर प्रथमच. या सगळ्या वर्षांना मी मनापासून हिरवा रंग दिला.

१९७६ मध्ये कटलस ही अमेरिकेतली सर्वाधिक खपाची गाडी होती. १९७७ मध्ये ओल्ड्सने दहा लाखांचा आकडा ओलांडला. इथे पट्टीवर एक बारीक काळा ठिपका दिला आहे, कारण त्याच वर्षी लोकांना कळलं की आपण ओल्ड्सचं रॉकेट इंजिन म्हणून जे घेतलं ते शेव्हर्लेचं आहे. इंजिन कमी पडत होती म्हणून कंपनीने न सांगता शेव्हर्लेची बसवली होती. सुटे भाग जुळेनात तेव्हा प्रकरण फुटलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेव्हर्लेचं इंजिन काही वाईट नव्हतं. पण गिऱ्हाइकाने जास्तीचे पैसे मोजले होते ते ओल्ड्स या नावासाठी, आणि त्या नावाखाली वेगळं काहीच नाही हे त्याला बॉनेट उघडून दिसलं.

पुढच्याच वर्षी डिझेल आलं. पेट्रोल व्ही-८ च्या ओळीवर बांधलेलं ५.७ लिटरचं इंजिन. डिझेलमध्ये दाब पेट्रोलपेक्षा खूपच जास्त, पण हेड बोल्टची संख्या आणि मांडणी पेट्रोल इंजिनचीच ठेवली. बोल्ट ताणले जायचे, गॅस्केट जायचं, सिलिंडरमध्ये पाणी उतरायचं. इंधनातलं पाणी वेगळं काढणारा फिल्टरही दिला नव्हता. १९८५ मध्ये ते बंद झालं, पण तोवर डिझेल मोटार या कल्पनेवरूनच अमेरिकन माणसाचं मन उडालं होतं.

१९८३ मध्ये फॉर्च्युन मासिकाच्या मुखपृष्ठावर चार गाड्या शेजारी उभ्या केल्या होत्या, चारही एकाच गडद लाल रंगाच्या. शेव्हर्ले, पॉन्टिअॅक, ओल्ड्समोबिल आणि ब्यूक. कुठली कुठली हे ओळखताच येत नव्हतं. १९८० नंतरची पट्टी पिवळी करायला घेतली आणि काही मॉडेलांपाशी हात थांबला. त्यांना लालच द्यायला हवा होता. दिला.

१९८८ ची जाहिरात : ‘ही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबिल नव्हे’. जे म्हातारे अजून निष्ठेने ही गाडी घेत होते त्यांना ते लागलं असणार, आणि तरुण आले नाहीतच. नव्वदीच्या दशकात ऑरोरा काढली तेव्हा तिच्या बाहेरच्या अंगावर ओल्ड्समोबिल हे नाव जवळजवळ कुठेच ठेवलं नाही. स्वतःचं नाव लपवावंसं वाटणं हे मला या सगळ्या पट्टीतलं सर्वात वाईट लक्षण वाटतं. डिसेंबर २००० मध्ये बंद करण्याची घोषणा, २९ एप्रिल २००४ ला लॅन्सिंगमध्ये शेवटची अलेरो.

कारणाच्या रकान्यात काय लिहू? मंदी नव्हती. कर्ज नव्हतं. शेवटच्या गाड्या तर बऱ्या होत्या. रकाना कोरा ठेवला.

८ जानेवारी

एड्सेल. सप्टेंबर १९५७ ते नोव्हेंबर १९५९. पट्टी जेमतेम साडेचार सेंटिमीटर. नाव लिहायला जागा पुरेना म्हणून खाली बाण काढून लिहिलं.

फोर्डला आपली साधी फोर्ड आणि आपलाच महाग ब्रँड मर्क्युरी यांच्या मध्ये एक पायरी हवी होती. त्या पायरीवर उभं राहणारं गिऱ्हाईक १९५८ च्या मंदीत खिसा सांभाळून होतं. स्टिअरिंगच्या मधोमध गिअरची बटणं, पुढच्या जाळीचा लोकांना न पटलेला उभा आकार, यावर आजवर खूप लिहिलं गेलं आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की आतून ती फोर्ड आणि मर्क्युरीच होती आणि त्यांच्याच कारखान्यांत, त्यांच्याच गाड्यांच्या अधेमध्ये जुळवली जायची. पट्टी जन्मापासून पिवळी.

१४ जानेवारी

ब्रिटिश भाग. याला आठ दिवस गेले, कारण इथे पट्ट्या एकमेकींत गुंततात.

समजायला सर्वात सोपी गोष्ट म्हणजे १९६२ ची ११००. अॅलेक इसिगोनिसची रचना, आडवं इंजिन, पुढची चाकं ओढणारी, साठच्या दशकात ब्रिटनमधली सर्वाधिक विकली जाणारी गाडी. हीच एक गाडी मॉरिस, ऑस्टिन, एमजी, वोल्सली, रायली आणि व्हँडन प्लास अशा सहा नावांनी विकली गेली. जाळी वेगळी, आत लाकूड कमीजास्त. सहा पट्ट्यांवर एकाच उंचीला लाल रंग लावावा लागला तेव्हा तक्त्यावर आडवा लाल पट्टाच उमटला. दहा फुटांवरून सर्वात आधी नजर तिथेच जाते.

मग एकेक टोक. रायली १९६९. वोल्सली १९७५. मॉरिस १९८४. ट्रायम्फही १९८४, आणि ट्रायम्फची शेवटची गाडी अॅक्लेम म्हणजे नाव बदललेली होंडा बॅलेड. शेवट लाल. (अॅक्लेम म्हणे त्या काळच्या ब्रिटिश लेलँडच्या, म्हणजे हे सगळे ब्रँड ज्या कंपनीत एकत्र आले होते तिच्या, गाड्यांत फार कमी तक्रारींची होती. तिला लाल रंग देताना म्हणूनच जिवावर आलं.)

ब्रिटिश पट्ट्यांत रोव्हर सर्वात लांब, १९०४ ते २००५, पट्टी २०२ सेंटिमीटर. १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूने घेतली, २००० मध्ये दहा पौंडांना विकून टाकली. दहा पौंड हा आकडा सगळे सांगतात. पण त्या दहा पौंडांत काय मिळालं नाही ते जास्त सांगण्यासारखं आहे : लँड रोव्हर फोर्डकडे गेली, नवी मिनी बीएमडब्ल्यूने ठेवून घेतली. लाँगब्रिज इथल्या रोव्हर कारखान्याच्या नव्या मालकांच्या हाती उरली ती रोव्हर ७५, चांगली गाडी, आणि बाकीच्या नव्वदीतल्या होंडाच्या सांगाड्यांवरून आलेल्या. मधल्या आकाराची नवी गाडी बांधायला पैसे नव्हते, आणि ब्रँडचं पोट भरतं ते मधल्या आकारावरच. २००३ मध्ये सिटीरोव्हर म्हणून जी छोटी गाडी आणली ती टाटा इंडिका होती. एप्रिल २००५ मध्ये कारखाना थांबला. साधारण सहा हजार माणसं.

रोव्हर हे नाव पुढे फोर्डने घेतलं, २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हरबरोबर ते टाटांकडे आलं. चीनच्या साइक या कंपनीने रोव्हर ७५ ची रचना विकत घेतली होती, पण नाव मिळालं नाही, म्हणून त्यांनी रोवे नावाचा नवा ब्रँड उभा केला. म्हणजे गाडी एकीकडे गेली आणि नाव दुसरीकडे. पट्टीच्या टोकाला कात्रीने दोन फाटे केले.

१५ जानेवारी

छोटी नोंद. १९२० च्या दशकात जनरल मोटर्सने जुन्या ब्रँडना धाकटी भावंडं दिली होती. ब्यूकला ‘मार्केट’ (Marquette), ओल्ड्सला व्हायकिंग, कॅडिलॅकला लासाल, ओकलंडला पॉन्टिअॅक. पहिल्या दोघी मंदीत दोन वर्षंही धड टिकल्या नाहीत. लासाल १९४० पर्यंत. पॉन्टिअॅकने मात्र थोरल्या ओकलंडलाच गिळलं, १९३१ मध्ये. चार पट्ट्या एकाखाली एक लावल्या.

१९ जानेवारी

पॅकार्ड आणि स्ट्यूडबेकर. या दोन पट्ट्या करताना हात जड झाला.

पॅकार्ड १८९९ पासून. डेट्रॉइटमधल्या त्यांच्या कारखान्याची दहा नंबरची इमारत वास्तुरचनाकार अल्बर्ट कानने १९०५ मध्ये सळईच्या काँक्रीटमध्ये बांधली. मोटार कारखान्यात असं बांधकाम नवंच होतं. खांबांची गर्दी गेली, खिडक्या मोठ्या झाल्या, मजले भक्कम. युद्धाआधी कॅडिलॅकच्या वरचा मान पॅकार्डला होता.

मग एक साधी, कुणाच्या नजरेत न भरणारी गोष्ट घडली. पॅकार्ड आपल्या बॉडी स्वतः बनवत नव्हते. १९४० पासून ते काम ब्रिग्ज या बाहेरच्या कारखान्याकडे होतं. १९५३ च्या शेवटी ब्रिग्जचा बॉडीचा धंदा क्रायस्लरने विकत घेतला, आणि क्रायस्लरने पॅकार्डला सांगितलं की यापुढे तुमचं तुम्ही बघा. पॅकार्डने घाईघाईत भाड्याने एक अपुरी जागा घेतली आणि बॉडीबरोबर सगळी जुळणीही तिथेच हलवली. १९५५ ची गाडी नवी होती, नवीन व्ही-८, टॉर्शन बारचं स्वतःहून पातळी साधणारं सस्पेन्शन. त्या दाटीवाटीत ती नीट जुळली नाही. गाड्या उशिरा निघाल्या, सदोष निघाल्या. पन्नासहून जास्त वर्षं ज्याच्या तोंडी ‘ज्याच्याकडे आहे त्याला विचारा’ हे ब्रीद होतं, त्या ब्रँडच्या मालकालाच विचारायची सोय राहिली नाही.

१९५४ मध्ये स्ट्यूडबेकरला सोबत घेतलं तेव्हा स्ट्यूडबेकरचा तोटा पॅकार्डला वाटला त्याहून फार खोल होता. १९५६ च्या जूनमध्ये डेट्रॉइटची पॅकार्ड थांबली. १९५७ आणि १९५८ ची पॅकार्ड म्हणजे स्ट्यूडबेकरच्या साउथ बेंडमधल्या कारखान्यात बनलेली, जाळी बदललेली स्ट्यूडबेकर. पट्टीचे शेवटचे चार सेंटिमीटर लाल.

स्ट्यूडबेकर आणखी काही वर्षं टिकली. १९६२ मध्ये रेमंड लोवी या डिझायनरच्या चमूने काढलेली अवांती पाहिली की वाटतं, ही बुडत्या कंपनीची गाडी असूच शकत नाही. पण फायबरग्लासच्या बॉडी वेळेवर मिळेनात, नोंदणी केलेले लोक कंटाळून दुसरीकडे गेले. डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद झाला, कॅनडात हॅमिल्टनला मार्च १९६६ पर्यंत थोडं काम चाललं.

साउथ बेंडच्या कामगारांचं पेन्शन इथे लिहून ठेवतो, कारण पट्टीवर ते मावणार नाही. फंडात पैसे पुरेसे नव्हते. ज्यांची साठी उलटली होती अशा साधारण ३,६०० जणांना पूर्ण पेन्शन मिळालं. चाळीस ते साठमधल्या साधारण ४,००० जणांना ठरलेल्या रकमेच्या १५ टक्क्यांच्या आसपास. त्याहून तरुणांना काहीच नाही. वीस-वीस वर्षं नोकरी केलेले लोक त्या मधल्या गटात होते. कोणी फसवलं असंही नव्हतं, तेव्हाच्या कायद्यात ते बसत होतं. अमेरिकेत १९७४ मध्ये पेन्शन सुरक्षित करणारा जो कायदा झाला, त्याच्या चर्चेत स्ट्यूडबेकरचं नाव सतत येत राहिलं. ब्रँड का गेला हे शोधताना मी आजवर फक्त गाडीकडे पाहत होतो. आज संध्याकाळी दुसरं काही केलं नाही.

२५ जानेवारी

रंगांवरून माझा एक अंदाज बनत चालला होता : पट्टी संपण्याआधी ती लाल होते. आज बोर्गवार्डने तो मोडला.

ब्रेमेनचे कार्ल बोर्गवार्ड. इझाबेला १९५४ मध्ये आली, दोन लाखांहून अधिक खपली. युद्धोत्तर जर्मनीतली देखणी, वेगवान, मध्यमवर्गाच्या मनातली गाडी. शिवाय त्याच शहरात त्यांचे गोलियाथ आणि लॉइड हे आणखी दोन ब्रँड. तिन्ही कारखाने वेगळे, तिघांची खरेदी वेगळी, तिघांची रचना वेगळी. बाहेर फोक्सवागन एकाच गाडीचे साचे वर्षानुवर्षं वापरून किंमत खाली आणत होती, आणि इथे एक माणूस दर दोन वर्षांनी नवीन काहीतरी बांधत होता. लॉइड अराबेला पूर्ण तपासल्याविना बाजारात आली, आत पाणी गळायचं, लोक तिला अक्वाबेला म्हणू लागले.

पैसा बँकेच्या कर्जातून आणि ब्रेमेन राज्याच्या हमीतून फिरत होता. १९६१ च्या सुरुवातीला राज्याने हात आखडला, कंपनी ताब्यात घेतली, आणि सप्टेंबरात दिवाळखोरी. त्या काळात देखरेखीसाठी नेमलेले योहानेस झेम्लर बीएमडब्ल्यूच्या पर्यवेक्षक मंडळावरही होते. यावर तेव्हापासून वाद आहे. सगळे हिशेब मिटल्यावर देणेकऱ्यांना पूर्ण पैसे मिळाले. म्हणजे कंपनीकडे मालमत्ता होती, हातात रोकड नव्हती. कार्ल बोर्गवार्ड १९६३ मध्ये गेले.

पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवीगार. कुणाचा सांगाडा उसना घेतला नाही, कुणाला दिला नाही.

कारणांची जुनी यादी आज फाडली. एका शब्दाचं कारण कुठेच बसत नाही. त्याऐवजी प्रत्येक पट्टीच्या टोकाला एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं : पुढच्या मॉडेलचे पैसे कुठून येणार होते? मोटारीचे साचे, हत्यारं, चाचण्या यांत चार-पाच वर्षं पैसा अडकतो आणि तो आजच्या गाडीच्या विक्रीतून यावा लागतो. बोर्गवार्डला एकाच वेळी चार पुढची मॉडेलं हवी होती. ओल्ड्सच्या पुढच्या मॉडेलवर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा शेव्हर्लेवर लावणं मालकाला परवडत होतं. दोन अगदी वेगळ्या पट्ट्या, पण प्रश्न एकच लागू पडतो. मागच्या सगळ्या टोकांवर नवीन चिठ्ठ्या लावल्या.

२ फेब्रुवारी

एनएसयू, जर्मन ब्रँड. एकाच सुट्या भागाने ब्रँड ओढत नेल्याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

समजून घ्यायला त्यांच्या व्हँकेल इंजिनाचा कागदी नमुना केला. जाड पुठ्ठ्यातून फुगीर बाजूंचा त्रिकोण कापला, तो रोटर. दुसऱ्या पुठ्ठ्यात कमरेशी किंचित आवळलेलं लंबगोल भोक, ते घर. मधल्या छिद्रात विकेंद्री दांड्यासाठी पेन्सिल. हाताने फिरवलं की दिसतं : त्रिकोणाची तिन्ही टोकं सतत घराच्या भिंतीला घासत जातात आणि तीन कप्पे मोठे-लहान होत राहतात. एकात हवा-पेट्रोल ओढलं जातं, दुसऱ्यात जळतं, तिसऱ्यातून धूर बाहेर. वर-खाली धावणारं काही नाही, व्हॉल्व्ह नाहीत. म्हणून ते इतकं मुलायम.

पण वीसेक वेळा फिरवल्यावर माझ्या त्रिकोणाची टोकं पिंजली. खऱ्या इंजिनात त्या तीन टोकांवर तीन बारीक पात्या असतात, मागून स्प्रिंगने दाबलेल्या. एका कप्प्यातला दाब दुसऱ्यात जाऊ न देणं हे त्यांचं काम. पिस्टनच्या रिंगा सपाट बसून घासतात, ही पाती कडेवर घासते, आणि तिचा भिंतीशी कोन प्रत्येक क्षणी बदलतो. झिजली की दाब सुटतो, गाडी सुरू होताना रडते, पेट्रोल पिते.

आरओ ८० ही याच इंजिनाची १९६७ ची गाडी. आज पाहिली तरी तिचं वय सांगता येत नाही. उताराचं नाक, उंच शेपूट, चारही डिस्क ब्रेक, गिअरच्या दांड्याला हात लावला की क्लच आपोआप सुटतो. १९६८ चा युरोपातल्या सर्वोत्तम गाडीचा मान तिला मिळाला. आणि सुरुवातीच्या कित्येक गाड्यांची इंजिनं पन्नास हजार किलोमीटरच्या आतच गेली. एनएसयूने वॉरंटीखाली फारशी घासाघीस न करता नवीन इंजिनं दिली. हा त्यांचा प्रामाणिकपणा होता आणि तोच त्यांना झेपला नाही. पात्यांचा पदार्थ पुढे बदलला, इंजिन सुधारलं, पण तोवर १९६९ मध्ये फोक्सवागनने एनएसयूला आपल्याकडच्या ऑटो युनियन या कंपनीशी जोडून टाकलं होतं. एनएसयूने तयार करून ठेवलेली पुढची गाडी १९७० मध्ये फोक्सवागन के ७० म्हणून बाजारात आली.

पुढच्या मॉडेलचे पैसे कुठून येणार होते? या चिठ्ठीवर लिहिलं : पैसे होते, मॉडेलही होतं. पैसे बदली इंजिनांत गेले आणि मॉडेल दुसऱ्याच्या नावावर.

आरओ ८० स्वतः १९७७ पर्यंत निघत राहिली, एकूण साधारण ३७,०००.

५ फेब्रुवारी

भाची मदतीला आली होती. डीकेडब्ल्यू, हॉर्श, वाँडरर, ऑडी या ऑटो युनियनच्या चार पट्ट्या तिने कापल्या. ऑडीची लावताना थांबली. “मामा, ही तर अजून चालू आहे ना? मग बंद पडलेल्यांत कशी?”

तिला सांगितलं की ऑडी एकदा बंद पडली होती. आउगुस्ट हॉर्शला स्वतःच्या पहिल्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं, स्वतःचंच आडनाव वापरायला कोर्टाने मनाई केली, म्हणून त्याने त्या आडनावाचं, म्हणजे ‘ऐक’ या शब्दाचं, लॅटिन रूप घेतलं. १९३२ मध्ये चौघी एकत्र आल्या, त्याचीच चार वर्तुळं. युद्धात ऑडी थांबली आणि तिथून पुढे पंचवीसेक वर्षं त्या नावाची गाडी नव्हती. उरली होती डीकेडब्ल्यू, टू-स्ट्रोक इंजिनांची. साठच्या दशकात टू-स्ट्रोक म्हणजे निळा धूर आणि जुना काळ. १९६५ मध्ये फोर-स्ट्रोक गाडी तयार झाली तेव्हा तिला डीकेडब्ल्यू म्हटलं तर लोक घेणार नाहीत, म्हणून कपाटातलं ऑडी हे नाव पुन्हा काढलं. एक मेलेला ब्रँड उठला तो जिवंत ब्रँडच्या जागेवर. डीकेडब्ल्यू १९६६ मध्ये संपली.

ती म्हणाली, “मग मधली जागा कोरी ठेवू.” तसंच केलं. १९४० ते १९६५, ५० सेंटिमीटर नुसता पुठ्ठा. तक्त्यावर ही मोकळी जागा मला आता सर्वात आवडते.

९ फेब्रुवारी

त्राबांत, पूर्व जर्मनीची गाडी. ऑडीच्या पट्टीखालीच लावली, कारण हॉर्शच्या त्याच त्स्विकाऊ गावात ती बनली. १९५७ ते ३० एप्रिल १९९१, ६७ सेंटिमीटर, तीस लाखांहून जास्त गाड्या.

तिची थट्टा करणं सोपं आहे, मी ती करणार नाही. पोलादाचा पत्रा मिळत नव्हता म्हणून कापसाच्या गिरणीतलं टाकाऊ सूत आणि फिनॉलचं रेझिन गरम दाबात एकत्र करून तिचे बाहेरचे भाग बनवले. गंजत नाहीत. इंजिन दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, हलणारे भाग मोजके, घरच्या घरी उघडता येतं. टाकी इंजिनाच्या वर, म्हणून पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं, पंपच नको. १९६४ मध्ये ६०१ हे रूप आलं तेव्हा ती काळाच्या फार मागे नव्हती.

मागे पडली कारण पुढचं मॉडेल करू दिलं नाही. त्स्विकाऊच्या अभियंत्यांनी साठच्या दशकातच पी ६०३ नावाची मागे दार असलेली नवीन गाडी रचली, नमुने बांधले, आणि १९६८ मध्ये वरून हुकूम आला की काम थांबवा. गाडीसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबायला तयार होते. मागणी संपतच नव्हती, मग नवीन साच्यांवर खर्च कशाला, असा तो हिशेब. १९९० मध्ये पोलोचं फोर-स्ट्रोक इंजिन बसवलेली १.१ आली. जुलैत पश्चिमेचं चलन पूर्वेत आलं, आणि त्या चलनात लोकांनी वापरलेल्या पश्चिमी गाड्या घेतल्या.

१६ फेब्रुवारी

२००९. जनरल मोटर्स १ जूनला दिवाळखोरीत गेली. पॉन्टिअॅक, सॅटर्न, हमर, साब ही चार नावं सोडायची ठरली. शेव्हर्ले, कॅडिलॅक, ब्यूक, जीएमसी ठेवायची.

पॉन्टिअॅक गेली आणि ब्यूक राहिली, हे अमेरिकेतल्या चाहत्यांना अजून खुपतं. १९६४ च्या जीटीओपासून जिच्यामागे तरुण लागले ती गेली आणि म्हाताऱ्यांची म्हणून ओळखली जाणारी उरली. पण ब्यूकला तोवर चीनमध्ये मोठं गिऱ्हाईक मिळालं होतं. तिच्या पुढच्या मॉडेलचे पैसे शांघायहून येणार होते.

सॅटर्नबद्दल जास्त वाईट वाटतं. स्वतंत्र कंपनी, टेनेसीत स्वतंत्र कारखाना, ठोकले तरी न चेपणारे प्लास्टिकचे दरवाजे, भावात घासाघीस नाही. १९९४ मध्ये मालकांना कारखान्यावर बोलावलं तर हजारो कुटुंबं आपल्या गाड्या घेऊन आली. एवढं प्रेम असताना पहिल्या गाडीनंतर दुसऱ्या आकाराची गाडी यायला जवळजवळ दहा वर्षं लागली, आणि आली ती जनरल मोटर्सच्याच तेव्हाच्या जर्मन ब्रँडच्या, ओपेलच्या, सांगाड्यावर. शेवटी पेन्स्के या गाड्या विकणाऱ्या कंपनीने ब्रँड घ्यायची तयारी दाखवली होती. पण गाड्या बनवून देणारं कुणी हवं होतं. रेनोशी बोलणं फिसकटलं आणि ३० सप्टेंबर २००९ ला सौदा मोडला. डीलर होते, नाव होतं, गिऱ्हाईक होतं. पुढची गाडी नव्हती. माझ्या प्रश्नाचं इतकं उघड उत्तर दुसऱ्या कुठल्याच पट्टीने दिलेलं नाही.

२३ फेब्रुवारी

टॅल्बो. क्रायस्लरचा युरोपातला धंदा १९७८ मध्ये प्यूजोच्या समूहाने एका डॉलरला घेतला आणि सिम्का वगैरे नावं काढून हे जुनं नाव लावलं. टॅल्बोसाठी रचलेली ॲरिझोना १९८५ मध्ये प्यूजो ३०९ होऊन बाहेर पडली. एनएसयूच्या चिठ्ठीवरून इथवर दोरा बांधला.

१ मार्च

साब शेवटी ठेवली होती.

स्वीडनमधल्या विमानांच्या कारखान्यातून आलेली गाडी. १९४९ च्या अखेरीस ९२ या मॉडेलचं उत्पादन सुरू झालं, सुरुवातीच्या सगळ्या गाड्या हिरव्या. म्हणून पट्टीचा हिरवा थोडा गडद घेतला. १९७० च्या दशकाअखेरची ९९ टर्बो, मग ९००. चावी स्टिअरिंगपाशी नाही, दोन सीटच्या मध्ये, गिअरच्या मागे. गाडी रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय चावी निघत नाही आणि काढली की गिअरबॉक्सच कुलूपबंद होतो. अपघातात चावीने गुडघा फुटू नये हाही त्यामागचा विचार. हात खाली नेऊन गाडी सुरू करायची सवय लागलेला माणूस दुसऱ्या गाडीत बसला की आधी मध्येच चाचपतो.

१९९० च्या सुमारास जनरल मोटर्सने निम्मी घेतली, २००० मध्ये पूर्ण. ९०० चं पुढचं रूप ओपेलच्या सांगाड्यावर आलं : पिवळा. मग दोन लाल तुकडे. ९-२एक्स म्हणजे सुबारू इम्प्रेझा. ९-७एक्स म्हणजे शेव्हर्ले ट्रेलब्लेझर, ओहायोत बनलेली. त्या ट्रेलब्लेझरचीही चावी त्यांनी मध्ये नेऊन बसवली होती. कुणीतरी बसून त्यासाठी नकाशे काढले असतील, वायरी वळवल्या असतील. लाल तुकड्यात तेवढा एक हिरवा ठिपका दिला.

२०१० मध्ये स्पायकर या छोट्या डच कंपनीने साब घेतली. नवीन ९-५ तयार होती, पुरवठादारांचे पैसे थकले, ट्रॉलहॅटनच्या कारखान्यातली लाइन थांबत-चालत राहिली. चिनी गुंतवणूकदार पुढे आले, पण गाड्यांतलं तंत्र जनरल मोटर्सचं होतं आणि ते त्या हातात द्यायला जनरल मोटर्सने नकार दिला. १९ डिसेंबर २०११ ला दिवाळखोरीचा अर्ज. पुढच्या मॉडेलचे पैसे यावेळी दाराशी आले होते. परवानगी देणारा मात्र जुना मालक होता. पिवळ्या रंगाची ही किंमत मला आधी दिसली नव्हती.

पट्टी १२४ सेंटिमीटरवर कापली. नंतर नवीन मालकांनी थोड्या ९-३ बनवल्या, २०१४ मध्ये साब हे नाव वापरायचा हक्कही गेला. त्यासाठी बारीक तुटक तुकडा.

कापल्यावर लक्षात आलं की सुट्या भागांची कंपनी स्वीडिश सरकारकडे गेली, तिचं नाव ओरिओ झालं आणि ती पुढेही भाग पुरवत राहिली. चालत्या साबसाठी ब्रेकचे पॅड, फिल्टर, दरवाजाची रबरं मिळत राहिली. याला कुठला रंग? शेवटी पट्टीच्या टोकापासून पुढे पेन्सिलने सरळ रेघ ओढली. मग मागे जाऊन अवांतीलाही तशीच रेघ दिली, कारण साउथ बेंडच्या दोन डीलरांनी साचे विकत घेऊन ती गाडी १९६५ पासून पुढे वर्षानुवर्षं हाताने बनवली.

साबची रेघ २०१५ शी पुठ्ठ्याच्या काठाला टेकली आहे. उद्या उजवीकडे आणखी एक तुकडा जोडायचा.